बुडालेलं टपालघर, अकरा वेळा

टण्!

ओट्यावर पालथा घातलेला चमचा घसरून बेसिनमध्ये पडला, आणि अर्धा तास थोपटून मिटवलेले ठकीचे डोळे टक्कन उघडले.

"सकाळ झाली?" तिने विचारलं.

दुपारचे अडीच वाजले होते. आई मावशीकडे गेली होती, घरात चिटपाखरू नव्हतं, आणि मी रेकॉर्ड प्लेअरचं झाकण उघडून, श्वास रोखून उभी होते. आठवड्यातून एकदा मिळणारा माझा तास. चमच्याने खाल्ला.

ठकी एकदा उठली की उठली. चार वर्षांच्या माणसाशी हुज्जत घालून उपयोग नसतो. मी तिला चपला घातल्या आणि आम्ही दोघी खाली उतरलो. दोन गल्ल्या सोडून जुन्या सामानाचं दुकान आहे. बिघडलेल्या इस्त्र्या, एका काट्याची घड्याळं, तीन पायांच्या खुर्च्या. तिथल्या एका खोक्यात, कुणाच्या तरी लग्नाच्या अल्बमखाली, मला ती तबकडी सापडली. कव्हरवर पाण्यात बुडालेली एक इमारत, तिच्या खिडक्यांतून आत शिरणारे मासे आणि दाराशी एक लाल पत्रपेटी. मागे वाचलं तर एका बाजूला तीन गाणी, दुसऱ्या बाजूला एकच. एकवीस मिनिटांचं.

मी ती लगेच छातीशी धरली. अशीच गाणी आवडतात मला. लांबलचक, मध्येच रस्ता बदलणारी, बोटांवर मोजायला घेतलं तर बोटं कमी पडावीत अशी. ठकीचा बाबा म्हणायचा, "हे गाणं आहे, की भांड्यांचं दुकान कोसळलंय?" तो दोन वर्षांपूर्वी आधी दुसऱ्या गावी गेला आणि मग दुसऱ्या घरी. पण त्याच्यामुळे आवाज एकदम बारीक ठेवून ऐकायची सवय लागली, ती काही गेली नाही.

"ह्यात मासे आहेत?" ठकीने कव्हरवर बोट ठेवून विचारलं.

"आहेत."

"जिवंत?"

"ऐकल्यावर कळेल."

परत येताना आमची लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये, एक आचका देऊन, थांबली.

वरून आवाज आला. "आत कोण आहे?"

"मी! आणि माझी मुलगी!"

"घाबरू नका. मी लिफ्टवालाच आहे, वरच काम करतोय. दोन मिनिटं."

"मी घाबरलेय," ठकी वर तोंड करून ओरडली, "पण थोडीच!"

वरचा माणूस हसला. मग खडखड झालं, दार सरकलं, आणि चौथ्या मजल्याची फरशी माझ्या गळ्याच्या उंचीवर दिसायला लागली. त्या फरशीवर एक माणूस पालथा पडून, ग्रीसने काळे झालेले दोन्ही हात खाली सोडून म्हणाला, "द्या."

आणि मी दिली. तबकडी.

त्याने हातातल्या माशांकडे बघितलं, मग माझ्या कडेवरच्या ठकीकडे.

"मुलगी द्या," तो अगदी हळू म्हणाला.

त्याच्या मागे आमच्या शेजारच्या काकू उभ्या होत्या. लिफ्ट बंद पडली की काकू कुठून तरी उगवतातच. "अगं बाई!" त्यांनी तोंडावर हात ठेवला. "आधी ते ताट दिलं, आणि मग पोर!"

मी नंतर सगळ्यांना सांगितलं, की तबकडी उजव्या हातात होती, म्हणून तोच हात आधी पुढे झाला. ते खरं नाही. ठकीला वर चढवताना तबकडी दाबली जाईल अशी भीती मला वाटली होती. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. इथे लिहितानाही कानशिलं तापताहेत.

त्याने ठकीला उचललं, मग मला हात देऊन ओढून घेतलं. मी मान खाली घालून ठकीच्या फ्रॉकला लागलेलं ग्रीस पुसत होते. तो मात्र तबकडी बघत होता. कव्हर दोन तळव्यांच्या मध्ये धरून. ग्रीसची बोटं लागू नयेत म्हणून.

"बुडालेलं टपालघर," तो म्हणाला.

"काय?"

"आमच्या ग्रुपवर असंच म्हणतात ह्याला. आम्ही सगळ्या तबकड्यांची नावं मराठीत करून टाकलीत. म्हणजे घरच्यांना वाटतं, आम्ही पुस्तकं वाचतो."

मला हसू आलं. अशा वेळी हसणं बरं दिसत नाही म्हणून मी ते दाबलं, तर ते नाकातून बाहेर पडलं.

"दुसरी बाजू सलग ऐका," तो म्हणाला. "तुकडे करू नका. शपथ आहे."

सलग! चार वर्षांत मी सलग फक्त एकदा झोपले होते, तेही तापात.

"तुमचा ग्रुप... कुणालाही येता येतं?"

"नाव सांगायचं नाही, धंदा सांगायचा. मी लिफ्टवाला. तुम्ही?"

"मी चष्म्याच्या दुकानात काचा बसवते."

"झालं तर मग," तो म्हणाला, "चष्मेवाली."

फोनवरचा तो ग्रुप मास्तरांचा होता. मास्तर म्हणजे भूगोलाचे निवृत्त शिक्षक. दर रविवारी सकाळी ते एकच ओळ लिहीत, 'या आठवड्यात काय ऐकलंत?' आणि खाली याद्या सुरू होत. नियम पक्के होते. काय ऐकलं, किती वेळा ऐकलं, आणि त्यातली एक जागा. आणि सगळ्यांत वर, जाड अक्षरांत, 'अर्धवट ऐकून लिहिणाऱ्याने इथे तोंड दाखवू नये.'

"तांब्याचा चंद्र, दोन वेळा," बेकरीवाली लिहायची. "भट्टीपाशी ऐकलं. शेवटी ऑर्गन येतो तिथे पाव करपले."

"निद्रानाशाची बाग, भाग एक," बँकवाला लिहायचा. "एकदाच. माझ्यासारख्याला एकदा पुरतं."

"भाग दोन निघालाच नाही का?" कुणीतरी विचारायचं.

"काढणाऱ्यांना झोप लागली असेल," लिफ्टवाला खाली लिहायचा, आणि मी सोमवारी दुकानात काच घासता घासता एकटीच फिस्सकन हसायचे.

तीन आठवडे मी नुसती वाचत होते. चौथ्या रविवारी मास्तरांनी लिहिलं, "चष्मेवाली, बघ्यांची जागा दाराबाहेर. यादी टाका."

मी टाकली.

"बुडालेलं टपालघर. तीन वेळा. दुसरी बाजू, साधारण चौदावं मिनिट. पाण्याखालचा पोस्टमन सगळी पत्रं वाटून झाल्यावर शेवटचं पाकीट उलटतो, आणि त्यावर त्याचंच नाव असतं. तोवर ड्रम आठ-आठ मात्रांत चाललाय, शांत, कुणी जिना उतरावा तसा. नेमके इथे सातच होतात. एक मात्रा कुणीतरी गिळून टाकली आहे. गाणारा स्वतःच्या नावावर अडखळतो. शेवटची पायरी आहे समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं पोटात होतं. ज्याने हे रचलं, त्याला कधीतरी स्वतःच्याच दाराशी परक्यासारखं उभं राहावं लागलं असणार."

तीन वेळा म्हणे. मी ते एकदाही सलग ऐकलं नव्हतं. चार मिनिटं कपडे वाळत घालताना, सहा मिनिटं ठकी आंघोळीच्या बादलीत बाहुल्या बुडवत असताना, दोन मिनिटं कुकरच्या शिट्ट्यांमध्ये. ते चौदावं मिनिट तेवढं पुन्हा पुन्हा ऐकलं होतं, कारण तिथे मला रडू यायचं. बाकीचं टपालघर मी पाहिलंच नव्हतं.

पण ग्रुप फिदा झाला. बेकरीवालीने लिहिलं, "अंगावर काटा आला गं." बँकवाल्याने लिहिलं, "हे सात मी कॉलेजातच पकडले होते. तेव्हापासून त्यांच्या प्रेमात आहे." आणि दुपारी लिफ्टवाल्याचा वेगळा निरोप आला, फक्त मला.

"तुमची तबकडी आठवडाभर मिळेल? माझ्याकडे ती कधीच नव्हती. मित्राकडे ऐकलेली, फार वर्षांपूर्वी."

पुढच्या रविवारच्या यादीत त्याचं एकच वाक्य होतं. "बुडालेलं टपालघर, अकरा वेळा."

अकरा! मी ते घरातल्या आरशासमोर वाचलं आणि आरशात बघायचं टाळलं.

तबकडी परत द्यायला तो दुकानातच आला. धुतलेला शर्ट, नखांत तेवढं काळं राहिलेलं.

"चष्मा करायचाय," तो मालकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "लांबचं दिसत नाही."

आमच्याकडे आधी डोळ्यांच्या दोन बुबुळांमधलं अंतर मोजावं लागतं. त्यासाठी समोर बसायचं, पट्टी त्याच्या नाकावर टेकवायची आणि अगदी जवळून बघायचं. दिवसाला वीसेक माणसांचं हे अंतर मोजते मी. आज पट्टी दोनदा टेकवावी लागली.

"माझ्या कपाळाकडे बघा," मी म्हटलं.

"बघतोय."

"कपाळाकडे म्हणाले मी."

"कपाळ जरा खाली आहे का तुमचं?"

"हलू नका... चौसष्ट."

"चांगलं आहे की वाईट?"

"नुसतं अंतर आहे ते."

"मग जास्तच आहे," तो म्हणाला.

मी पट्टी खाली ठेवली. त्याला समोरचा तक्ता वाचायला लावला. शेवटची, मुंगीएवढी ओळसुद्धा त्याने घडाघडा वाचली.

"नजर उत्तम आहे तुमची. चष्म्याची काही गरज नाही."

"अरेरे," तो म्हणाला. मग तबकडीची पिशवी माझ्याकडे सरकवत एकदम गंभीर झाला. "एक सांगायचं होतं. त्या... चौदाव्या मिनिटाबद्दल. तुम्ही जे लिहिलंत ना—"

"काय?"

त्याने माझ्याकडे बघितलं. पिशवीवरचा हात मागे घेतला. "फार सुंदर लिहिलंत," एवढंच म्हणाला आणि गेला. मला वाटलं, त्याला भलतंच काही सांगायचं होतं. संध्याकाळपर्यंत मी त्या भलत्याच गोष्टीचा विचार करत राहिले आणि एका आजोबांची डावी काच उजवीकडे बसवून ठेवली.

मास्तरांकडे दर रविवारी तीन ते पाच सगळे जमत आणि एक तबकडी ऐकत. मीही जायला लागले. आईला सांगितलं, दुकानात माल मोजायचा असतो. खोटं बोलायचं काही कारण नव्हतं. आई अडवणारी नाही. पण 'मी दोन तास गाणी ऐकायला जाते, तू ठकीला सांभाळ' हे वाक्य जिभेवर आलं, की पुढे कुणीतरी म्हणायचं, आधी ताट आणि मग पोर. आणि त्या वाक्याच्या मागे लिफ्टवाला उभा होता, ते वेगळंच.

चौथ्या रविवारी मास्तर हात चोळत म्हणाले, "आज चष्मेवालीची जागा! माझी कॉपी भावाकडे पडून होती, मुद्दाम आणवली. तीस वर्षांत तिला कुणाचा हात लागलेला नाही."

मास्तरांच्या खोलीत भिंतीवर गुंडाळलेले नकाशे, कपाटाएवढे दोन स्पीकर आणि सहा खुर्च्या. ऐकताना बोलायचं नाही. मोठ्या आवाजात ऐकणं काय असतं, ते मला त्या खोलीत कळलं होतं. ते पाणी पायाखालून वर चढतं.

तेरावं मिनिट संपलं. मास्तरांनी एक बोट वर केलं. बेकरीवालीने डोळे मिटले. बँकवाला गुडघ्यावर ठेका धरून, सगळं आधीपासून माहीत असल्यासारखा मंद हसत होता. लिफ्टवाला जमिनीकडे बघत होता.

पोस्टमनने पाकीट उलटलं.

आठ.

पुन्हा, आठ.

त्याने स्वतःचं नाव वाचलं. शाळेत हजेरी द्यावी तसं. सरळ, स्वच्छ, कुठेही न अडखळता. आठ, आठ, आणि पुढे आठच.

मास्तरांचं बोट तसंच वर राहिलं होतं. त्यांनी सुई उचलली, जरा मागे ठेवली. पुन्हा आठ. तिसऱ्यांदा ठेवली तेव्हा बेकरीवालीने डोळे उघडून माझ्याकडे बघितलं, आणि तिच्या नजरेतली कीव मला कुणी पाण्यात ढकलावं तशी लागली. लाजेने पाणी पाणी होणं म्हणतात ते हेच.

"सात कुठे गेले?" मास्तर म्हणाले. ते रागावले नव्हते. त्यांना खरंच प्रश्न पडला होता.

बँकवाल्याला आता पळायला वाट हवी होती. "हल्ली लोक न ऐकताच लिहितात मास्तर," तो म्हणाला. "दोन-चार छान वाक्यं जुळवली की झालं."

"तुम्ही तर कॉलेजात पकडले होते ना?" बेकरीवाली म्हणाली.

"मी... म्हणजे, एखादी वेगळी आवृत्ती..."

"तिने ऐकलंय," लिफ्टवाला म्हणाला. मान वर न करता. "तिच्या तबकडीवर सातच आहेत. दुसऱ्या बाजूला बोटाच्या पेराएवढा ओरखडा आहे. सुई तिथे उडी मारते. एक मात्रा जाते."

कुणीतरी हसलं. वाईट हसणं नव्हतं ते, अगदी साधं होतं, आणि मग सगळेच हसले, मास्तरसुद्धा. "अहो, ओरखड्यावर निबंध!" ते डोळे पुसत म्हणाले. "इतका सुंदर निबंध!"

मीही हसले. हसत हसत पिशवी उचलली, चपला घातल्या. जिन्यात आले तेव्हा हसू अजून तोंडावर तसंच चिकटलेलं होतं, काढताच येईना.

तो मागोमाग धावत आला. "थांबा. ऐका तरी."

"तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"केव्हापासून?"

"पहिल्यांदा ऐकलं तेव्हापासून. मशीन कुठे अडखळतं ते ऐकायचंच काम आहे माझं."

"आणि मग पुढच्या दहा वेळा?"

"पुढच्या दहा वेळा," तो म्हणाला, "तुम्ही लिहिलं होतं ते ऐकत होतो."

दुसऱ्या कुठल्याही दिवशी हे वाक्य मी पदरात बांधून घरी नेलं असतं. पण त्या दिवशी माझ्या कानात ते हसणं होतं. "सगळ्यांपुढे माझा पोपट झाला," मी म्हटलं. "आणि तुम्हाला तो होणार हे ठाऊक होतं. तुम्ही जमिनीकडे बघत बसलात."

"सांगायला आलो होतो. दुकानात. जमलं नाही. तुमचा चेहरा..."

"माझ्या चेहऱ्यावर ढकलू नका!"

बाहेर पाऊस लागला होता. छत्री मास्तरांच्या दाराशीच राहिली होती, पण पुन्हा वर जाण्यापेक्षा भिजणं परवडलं. घरी पोचले तेव्हा केसांतून पाणी गळत होतं. आईने टॉवेल दिला.

"दुकानात पाऊस पडला वाटतं," ती म्हणाली.

मी टॉवेल डोक्यावर ओढून घेतला.

पुढचे दोन रविवार मी यादी टाकली नाही. प्लेअरवर चादर घातली. मास्तरांनी लिहिलं, "चष्मेवाली, छत्री आणि यादी, दोन्ही बाकी आहेत." बेकरीवालीने लिहिलं, "ये गं. मी एकदा ओव्हनच्या घंटीला गाण्यातली घंटा समजून दोन पानं लिहिली होती." लिफ्टवाल्याची यादी दोन्ही रविवारी सारखीच. "काही नाही. शून्य वेळा."

ते शून्य मी दिवसातून कितीदा उघडून बघत होते, ते मात्र मोजलं नाही.

तिसऱ्या रविवारी तीन वाजले तरी मला घरातच बघून आई म्हणाली, "आज माल मोजायचा नाही?"

"संपलं ते काम."

आई ठकीची वेणी घालत होती. हात न थांबवता म्हणाली, "दुकानाला रविवारी कुलूप असतं. मी भाजी आणायला तिथूनच जाते."

माझ्या हातातल्या कपड्याची घडी उलटी झाली. "तुला... कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्या रविवारपासून. आणि कुठे जातेस, ते काकूंनी मी न विचारताच सांगितलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून." तिने रिबिनीची गाठ मारली. "लाज वाटली मला. तू जातेस ह्याची नाही गं. दोन तास गाणी ऐकायला माझ्या लेकीला माझ्याशी खोटं बोलावं लागतं, ह्याची. मी कधी तोंड वाकडं केलं का, असं मागचं सगळं आठवून बघितलं मी. एकदा केलं होतं. ठकी तान्ही असताना. तू कानात ते लावून बसली होतीस आणि ही रडत होती. मी म्हणाले होते, आई झालीस आता."

मला ते वाक्य आठवत होतं. तिलाही आठवत असेल, असं कधी वाटलं नव्हतं. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. तिथे आधीच ठकी होती, तिने मला कोपराने ढकललं. "आजी माझी आहे," ती म्हणाली.

तेवढ्यात बेल वाजली.

आईने उघडलं, तर दारात लिफ्टवाला. एका हातात मास्तरांकडे राहिलेली माझी छत्री, दुसऱ्या हातात एक कागद. मी मागे खांबासारखी उभी.

"लिफ्टची तपासणी झाली," तो आईला म्हणाला. "सही हवी होती."

"सही सेक्रेटरींची लागते ना?"

"हो. पण ते... घरी नाहीत."

"ते खाली गेटपाशी खुर्ची टाकून बसलेत. आत्ताच गॅलरीतून बघितलं मी."

त्याचे कान लाल झाले. आईने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि चपला पायात सरकवल्या. "ठकी, चल. आपण सेक्रेटरी आजोबांना विचारून येऊ, ते घरी का नाहीत ते." जाताना तिने दार पुरतं उघडं ठेवलं. शेजारच्या काकूंचं दार आपोआप चार बोटं उघडलं, तेव्हा आई त्यांना म्हणाली, "चला काकू, तुम्हीही चला. लिफ्ट चालू आहे."

मग जिन्यापाशी आम्ही दोघंच.

"छत्री," तो म्हणाला.

"पाऊस थांबून दोन आठवडे झाले."

"गेला आठवडाभर रोज आणत होतो. रोज तुमच्या मजल्यापर्यंत येऊन परत जात होतो. आज कागद सापडला." त्याने तो कागद घडी करून खिशात घातला. "मी सांगायला हवं होतं. त्या खोलीत जायच्या आधी. मला वाटलं, मी सांगितलं तर तुम्ही पुन्हा कधी काही लिहिणार नाही. आणि मला ते वाचायचं होतं. स्वार्थ होता माझा. त्याची लाज वाटते."

आता गप्प राहिले असते, तर सगळी चूक त्याच्या खात्यावर राहिली असती. बरं वाटलं असतं ते. पण आईच्या मांडीवरून नुकतीच उठले होते मी.

"मलाही एक सांगायचंय," मी म्हटलं. "मी ते तीन वेळा ऐकलं नव्हतं. एकदाही नाही. सलग तर नाहीच. तुकडे. इकडची चार मिनिटं, तिकडची दोन. पहिली बाजू अजून ऐकायची राहिलीय. बँकवाला बरोबर होता. मी न ऐकताच लिहिलं."

तो बघत राहिला. मग त्याच्या डोळ्यांत हळूहळू हसू आलं.

"म्हणजे आपण दोघंही ग्रुपमधून हाकलायच्या लायकीचे."

"हसू नका."

"नाही हसत. एक विचारू? तो ओरखडा—"

"ओरखड्याचं नाव काढलंत, तर दार लावीन!"

"बरं, नाही काढत." त्याने छत्री दाराच्या कडेला टेकवली. "तुम्ही आवडता मला. एवढंच होतं."

जिन्यातला दिवा दिवसाच कुणी लावून ठेवला होता. मी उगीच त्या दिव्याकडे बघत राहिले. "किती वेळा?" मी विचारलं. आवाज माझाच होता, पण ओळखू आला नाही. "नियम आहे. किती वेळा ते लिहावं लागतं. आणि एक जागा."

"मोजलं नाही. जागा... आत्ता दार लावीन म्हणालात, ती."

हसू आलं, आणि ह्या वेळी मी ते दाबलं नाही. मग जे मनात होतं ते सांगून टाकलं. "मी अशीच मिळेन. तुकड्यातुकड्यांनी. मध्येच ठकी उठेल. मध्येच माझं डोकं फिरेल. सलग असं काही नाहीच माझ्याकडे."

"लोक अडकतात आणि मी म्हणतो, थांबा, घाबरू नका," तो म्हणाला. "मलाही थांबता येतं. घाबरलोय, पण थांबता येतं."

"पुढच्या रविवारी येईन मी. आईला सांगून. आणि ठकीला घेऊन. मास्तरांना चालेल?"

"मास्तरांना सातवी खुर्ची आणायला सांगतो."

त्याने हात पुढे केला. नखांत तेच काळं. मी तो हातात घेतला. गरम होता, खरखरीत. मी बोटं आवळली. त्यानेही.

जिन्यात चपलांचा फटफट आवाज आला. आजीला खाली सोडून ठकी पळत वर आली होती. शेवटच्या पायरीवर थांबली, धापा टाकत.

मी पटकन हात ओढून घेतला, पाठीमागे नेला आणि कपड्याला पुसला. पुसण्यासारखं त्याला काहीच लागलेलं नव्हतं.

लिफ्टवाल्याचा हात तसाच पुढे राहिला होता. ठकीने त्या हाताकडे बघितलं. मग वाकून, माझ्या पाठीमागे लपवलेल्या हाताकडे बघितलं. मग वर, माझ्या तोंडाकडे.

"आई," तिने विचारलं, "हात का सोडलास?"